तिच्या फोनमध्ये एकही माणूस नाही

“तिच्या फोनमध्ये एकही माणूस नाही हो. सगळं वाळकं, तुटकं, गंजलेलं. मुलीच्या मनात काही भलतंसलतं तर नसेल ना?” पुण्यात पेठेत राहणाऱ्या आणि माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका आईने विचारलेला हा प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक पालक विचारतात, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव येथे मांडत आहे.

मुलगी अकरावीत होती. महाविद्यालयाच्या छायाचित्रण मंडळाने ‘शहरातला निसर्ग आणि रोजच्या वस्तू’ असा विषय वर्षभरासाठी दिला होता आणि क्लासहून येताना, गच्चीवर, टेकडीवर, जिथे जमेल तिथे ती फोटो काढत होती. एका रात्री ती झोपल्यावर आईने तिचा फोन उघडून पाहिला आणि धसका घेतला.

फोटोंकडे वळण्याआधी मी आईला झोप, जेवण, मैत्रिणी आणि अभ्यास यांविषयीच विचारले. नैराश्याचे निदान करताना मन उदास राहणे किंवा कशातच रस न वाटणे हे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, टिकून आहे का आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडली आहे का, हे पाहिले जाते; कोण कशाचे फोटो काढते याला त्या लक्षणांत जागा नाही. फोटोंवरून मनाचा थांग लावण्याचा मोह समुपदेशकालाही होतो, पण तो आवरलेलाच बरा. ही मुलगी नीट जेवत होती, मैत्रिणींशी भांडून पुन्हा गोड होत होती आणि लवकर उठण्याचा जन्मजात कंटाळा असूनही सकाळच्या उजेडासाठी आपणहून सहाला उठू लागली होती. नैराश्यात बहुधा याच्या उलट घडते, एरवी आवडणारी गोष्टही नकोशी वाटू लागते.

पुढच्या भेटीला दोघी आल्या. चोरून फोन पाहिल्याचा मुलीला राग होता आणि तो रास्तच होता. त्याविषयी बोलणे झाल्यावरच तिने फोटो दाखवायची तयारी दाखवली. आईला सर्वांत खटकलेला फोटो एका जुन्या वाड्याच्या भिंतीचा होता: विटांमधला चुना गळालेला आणि मधोमध वर चढत गेलेली भेग. मुलीने दोन बोटांनी फोटो मोठा केला. भेगेच्या तोंडाशी पिंपळाचे बोटभर रोप होते, त्याचे वरचे पान कोवळे, तांबूस आणि शेपटीसारख्या टोकाचे, तर खालच्या विटेवर पक्ष्याच्या विष्ठेचा पांढरा ओघळ. पक्षी पिंपळाची फळे खातात, बी विष्ठेबरोबर सांदीत पडते आणि तेथेच रुजते, हे तिने भराभर सांगितले. आई म्हणाली, “अगं, मग ते आत्ताच उपटायला हवं. मुळं भिंत फोडतील.” आईचे म्हणणे खरेच होते, कारण पिंपळाच्या मुळांपुढे जुन्या चुन्याच्या भिंतीचा टिकाव लागत नाही. त्यावरून दोघींचा चांगला वाद रंगला आणि मी मध्ये पडले नाही.

नंतर आम्ही फोटो तारखेप्रमाणे पाहिले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओल्या रस्त्यावर पडलेली बुचाची पांढरी, लांब नळीची फुले होती. वाळकी पाने पुढे जानेवारी-फेब्रुवारीत वाढली होती, कारण पुण्यात तेव्हा पानगळच असते. त्याच दिवसांतले फूटपाथवर पडलेले काटेसावरीचे लालभडक फूलही फोनमध्ये होते, पण धास्तावलेल्या आईच्या ते लक्षात राहिले नव्हते. गंजके कुलूप आणि रंगाचे पोपडे यांचे कारण तर अगदी साधे होते. सकाळचा तिरपा उजेड खडबडीत पृष्ठभागावर पडला की बारीकसारीक सावल्या उठून दिसतात आणि साध्या फोनवरही फोटो चांगला येतो; उंच फांदीवर बसलेला राखी धनेश पक्षी मात्र त्याच फोनमध्ये ठिपक्याएवढा दिसतो.

माणसे नसण्याचे कारण निराळे होते आणि खरे काम तेथेच करावे लागले. मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींचा फोटो तिने न विचारता काढला होता, त्या चारचौघांत रागावल्या होत्या आणि तेव्हापासून तिने अनोळखी माणसांकडे कॅमेरा वळवलाच नव्हता. मावशींचा राग योग्य होता, हे तिलाही मान्य होते. “मावशी, तुमच्या हातांचा एक फोटो काढू का?” असे आधी विचारायचे, नकार आला तर हसून पुढे जायचे आणि लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढायचेच नाहीत, असे आम्ही ठरवले व विचारण्याचा थोडा सरावही केला. संकोची मुलांना असा सराव फार उपयोगी पडतो.

आईची एक काळजी मात्र मी उचलून धरली. वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी एकट्यादुकट्याला लुटल्याच्या बातम्या येत असतात, त्यामुळे तेथे मैत्रिणींबरोबर आणि उजाडल्यावरच जायचे. खडकवासल्यातून पाणी सोडले असताना मुठेच्या पात्रात उतरायचे नाही. धनेशाची ढोली सापडली तर तिचा पत्ता फोटोबरोबर जाहीर करायचा नाही. मुलीने हे कुरकुरत का होईना, कबूल केले. आईने परवानगीशिवाय फोन न उघडण्याचे मान्य केले. आईची कुरकुर जरा जास्त होती.

मूल फोटो काढायचेही सोडून खोलीत बसू लागले, स्वतःला इजा करण्याविषयी किंवा जगण्यात अर्थ नसल्याविषयी बोलू लागले, तर वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही दिवसरात्र उपलब्ध आहे. या घरात तशी वेळ नव्हती. त्यानंतरच्या भेटीत आईचा प्रश्न एवढाच होता, की फोन फोटोंनी भरून गेला आहे, तर मुलीला कॅमेरा घेऊन द्यावा का. हा प्रश्न समुपदेशनाचा नसून घरखर्चाचा आहे, असे मी त्यांना सांगितले.