कानाचं ऑपरेशन रोबोट करणार, मग लेकीनं डॉक्टर व्हावं का?

प्रश्न : आमचे यंत्रमाग आहेत. मुलगी अकरावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. धाकट्याचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवायचं यंत्र) झाल्यापासून तिला त्याच यंत्रांचा ध्यास लागलाय. आता अंतर्कर्णाचं ऑपरेशन रोबोट करतो म्हणे. मग डॉक्टर होऊन उपयोग काय? एका खासगी कॉलेजात रोबोटिक्सची शाखा आहे. फीसाठी दोन माग विकायची माझी तयारी आहे.
– एक पालक, सोलापूर

उत्तर : नमस्कार. माग विकू नका, हे आधी सांगतो.

या ऑपरेशनमध्ये रोबोट एकटा काही करत नाही. इलेक्ट्रोडची नाजूक तार कॉक्लियात, म्हणजे अंतर्कर्णातल्या शंखासारख्या ऐकण्याच्या अवयवात सरकवायची असते. कॉक्लियाला वेढे सुमारे अडीच, उलगडली तर लांबी जेमतेम 35 मिलिमीटर. आतला पडदा फाटला तर उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणंही जाऊ शकतं. मागावर ताण वाढला की सूत तुटायच्या आत तुमच्या बोटांना कळतं. इथे पडदा फाडणारा दाब इतका हलका असतो, की निष्णात सर्जनच्या बोटांनाही तो पुष्कळदा जाणवत नाही. शिवाय हात कितीही सरावाचा असो, किंचित थरथरतोच. यंत्राचं काम इथे आहे. अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळालेलं आयोटासॉफ्ट हे यंत्र सेकंदाला 0.1 मिलिमीटर इतक्या संथ गतीनं तार आत ढकलू शकतं. पण दिशा सर्जन ठरवतो आणि पायाखालच्या पेडलवर ते चालवतो, थांबवतो तोच.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे 2016 मध्ये रोबोटनं कानामागच्या हाडातून सुमारे 1.8 मिलिमीटर रुंदीचा बोगदा पाडला, तोही चेहऱ्याच्या नसेच्या अगदी कडेनं. तार मात्र सर्जननं हातानंच घातली. या कामामागचे दोन प्रमुख म्हणजे मार्को काव्हर्साच्चो आणि स्टीफन वेबर. पहिले कान-नाक-घशाचे सर्जन, दुसरे इंजिनिअर. ही जोडी मुलीला जरूर सांगा, कारण तिच्यापुढचे दोन रस्ते हेच आहेत.

सर्जन व्हायचं तर 'नीट' ही प्रवेशपरीक्षा, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग तीन वर्षांचं एमएस ईएनटी. सोलापुरातच सरकारी मेडिकल कॉलेज आहे. हा रस्ता लांब आहे आणि रोज रुग्णांत राहायची ओढ नसेल तर फार कठीण जातो. तिला भावाच्या कानापेक्षा कानातल्या यंत्राचंच कुतूहल जास्त असेल, तर इंजिनिअरिंग बरं.

पण पदवीलाच 'रोबोटिक्स' नावाच्या शाखेचा आग्रह नको. असली उपकरणं सेन्सर, मोटर, कंट्रोल आणि स्कॅनची प्रतिमा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभी असतात. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा पाया पक्का असलेलं पोर पुढे यातलं काहीही उचलू शकतं. नुसत्या नावावर घेतलेल्या पदवीत तो पाया कच्चा राहिला तर भरून काढणं अवघड. वालचंदसारख्या सोलापुरातल्याच कॉलेजातून पदवी, मग 'गेट' ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबईत बायोमेडिकलचं एम.टेक. हा मला जास्त भरवशाचा मार्ग वाटतो. तिथल्या बेटिक या केंद्रात इंजिनिअर आणि डॉक्टर मिळून वैद्यकीय उपकरणं घडवतात.

तूर्त गणित आणि बायोलॉजी, एकही विषय सोडू देऊ नका. बारावीला नीट आणि सीईटी दोन्हींचे फॉर्म भरा. दरम्यान मॅपिंगला, म्हणजे धाकट्याच्या इम्प्लांटची सेटिंग जुळवून घ्यायला जाल तेव्हा तिलाही सोबत न्या आणि ऑडिऑलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) सॉफ्टवेअर दाखवायची विनंती करा. घरी आल्यावर ती भावाच्या ऐकण्याविषयी बोलते की स्क्रीनवरच्या आकड्यांविषयी, ते ऐका आणि मला कळवा.