वाचक विचारतात: व्हॉयजर १ एवढ्या लांबून दुरुस्त केलं तरी कसं?

प्रश्न: २०२३ च्या शेवटी नासाचं व्हॉयजर १ हे अवकाशयान बिघडलं आणि काही महिन्यांनी परत सुरू झालं असं वाचलं. तिथे कोणी जाऊ शकत नाही, मग दुरुस्त नेमकं काय केलं? (एक वाचक, सातारा)

उत्तर: प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण बातमी दोन ओळींत आली आणि गेली, पण मला विचाराल तर अवकाश मोहिमांच्या इतिहासातलं हे सगळ्यात भारी काम आहे.

झालं असं की १४ नोव्हेंबर २०२३ पासून यानाकडून सिग्नल येत होता पण त्याला काही अर्थच नव्हता, एक-शून्य एक-शून्य असा तोच तोच पॅटर्न. आपण पाठवलेले आदेश मात्र त्याला पोचत होते. यानावर तीन प्रकारचे कॉम्प्युटर आहेत, त्यातला एक उपकरणांची आणि यानाच्या तब्येतीची माहिती गोळा करून पृथ्वीकडे पाठवण्यासाठी तयार करतो, गडबड तिथेच होती. आता हे कळायला सोपं नाही हो! यान तेव्हा २,४०० कोटी किलोमीटरवर, आदेश पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला परत तेवढेच, म्हणजे एक गोष्ट करून बघायची तर जवळजवळ दोन दिवस थांबा. त्यात यान १९७७ चं, ज्यांनी प्रोग्राम लिहिले त्यातले कितीतरी लोक आज हयात नाहीत, त्यामुळे टीमला जुनी कागदपत्रं काढून वाचत बसावं लागलं.

मार्च २०२४ मध्ये त्यांनी त्या कॉम्प्युटरला एक आदेश पाठवला, की नेहमीचा क्रम सोडून वेगळ्या क्रमाने काम करून बघ. उत्तरात जे आलं ते नेहमीच्या स्वरूपात नव्हतं, पण यानाशी संपर्क ठेवणाऱ्या अँटेनांच्या नेटवर्कमधल्या एका इंजिनिअरने ते उलगडलं तर त्यात त्या कॉम्प्युटरची अख्खी मेमरीच होती! ती बिघाडाच्या आधीच्या मेमरीशी ताडून बघितली आणि चोर सापडला, एक चिप गेली होती आणि सुमारे ३ टक्के मेमरी खराब झाली होती.

चिप बदलणं शक्यच नाही. मग त्या चिपमधला कोड दुसरीकडे हलवायचा ठरलं, पण मेमरी मुळात इतकी तोकडी की सगळा कोड मावेल अशी एक सलग जागाच नाही. मग कोडचे तुकडे केले, जिथे फट मिळाली तिथे बसवले, आणि या तुकड्यांना शोधणाऱ्या बाकीच्या कोडमधले पत्तेही बदलले, नाहीतर सगळं मुसळ केरात. १८ एप्रिलला पहिला तुकडा पाठवला आणि २० एप्रिलला, पाच महिन्यांनी पहिल्यांदा, यानाने आपली तब्येत नीट कळवली. जूनपर्यंत चालू असलेल्या चारही उपकरणांची माहिती यायला लागली.

वीज मात्र परत भरता येत नाही. प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज बनते आणि ती दरवर्षी सुमारे ४ वॉटने घटते, म्हणून २०२५ मध्ये व्हॉयजर १ आणि त्याचं जोडीदार यान व्हॉयजर २, दोन्हींचं एकेक उपकरण बंद करावं लागलं. जीव तुटतो, पण बाकीची उपकरणं जास्त दिवस चालवायची तर दुसरा इलाज नाही.

प्रश्न: व्हॉयजर २ आधी सुटलं आणि १ नंतर, मग नंबर उलटे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर: २ सुटलं २० ऑगस्ट १९७७ ला आणि १ सुटलं ५ सप्टेंबरला, बरोबर आहे तुमचं. पण १ चा मार्ग जवळचा आणि वेगाचा, ते गुरूपाशी आधी पोचणार हे ठरलेलंच होतं म्हणून त्याला १ नंबर. डिसेंबर १९७७ मध्येच त्याने २ ला मागे टाकलं आणि गुरूजवळ मार्च १९७९ मध्ये पोचलं, २ पोचलं जुलैमध्ये.