अख्खा फोन इंग्लिशच ठेवून फक्त आईला लागणारी दोन-तीन अ‍ॅप मराठीत करता येतात का?

हो, येतात, फक्त फोनमध्ये अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचं व्हर्जन पाहिजे, कारण अ‍ॅपनुसार भाषा निवडायची सोय गुगलनं २०२२ मध्ये त्याच व्हर्जनला दिली (आयफोनला ही २०१९ पासून, आयओएस १३ मध्येच आलीय). सोलापुरात नवी पेठेत माझं मोबाईल रिपेअरिंगचं काउंटर आहे, तिथं हे सेटिंग रोज कुणाला ना कुणाला करून देतो. साध्या अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, लँग्वेजेस, मग अ‍ॅप लँग्वेजेस. सॅमसंगच्या वन यूआयमध्ये (म्हणजे सॅमसंगनं स्वतःच्या फोनसाठी बदललेल्या अँड्रॉइडमध्ये) तेच जनरल मॅनेजमेंटमध्ये सापडतं, आणि नाहीच सापडलं तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये लँग्वेज टाका. तिथं व्हॉट्सअ‍ॅपवर टॅप करून मराठी निवडा, बाकी फोन आहे तसाच इंग्लिश राहतो. पण अ‍ॅप बनवणाऱ्यानं मराठी दिलेलीच नसेल तर यादीत मराठी दिसणार नाही, तिथं फोनचा काही दोष नाही. आईसाठी करताय तर फॉन्टपण एक पायरी वाढवा, बारीक अक्षरात ‘त्र’ न् ‘ञ’ सारखेच दिसतात न् वाचणारा वैतागतो, फक्त फार मोठा नको, बटणावरचे शब्द अर्धे कापले जातात.