मॅडम, वाकलो तर पाय जातील का?

परवा परत एका ताईंनी तो नेहमीचाच प्रश्न विचारला. फिजिओथेरपी करून आलं की दुसऱ्या दिवशी जास्तच दुखतं, म्हणजे आत अजून काहीतरी बिघडतंय ना, मग बंद करू का? हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाचदा तरी येतोच, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. उत्तर म्हणून एका दादांची केस सांगते (त्यांना विचारलंय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत).

दादा सातारा जिल्ह्यातले, वय ४४. घरी चार म्हशी, शिवाय वाडीवरचं दूध गोळा करून मोटरसायकलवरनं डेअरीला घालायचं. दुधाचा मोठा कॅन ४० लिटरचा, भरला की चाळीस किलोच्या वरच जातो, आणि हे वीस वर्षं तो असा झटक्यात उचलत आलेले. एक दिवस उचलताना कंबरेत चमक भरली, कळ पार उजव्या पोटरीपर्यंत गेली. मग मालिश झाली, शेक झाला, गोळ्या झाल्या, शेवटी एमआरआय झाला आणि रिपोर्ट हातात देता देता कोणीतरी बोलून गेलं, "मणक्यात गॅप आहे, वाकायचं नाही, नाहीतर पाय जातील."

या एका वाक्यावर माणूस आठ महिने बसून होता. पट्टा झोपतानाच सोडायचा, आंघोळीची बादली बायकोने भरून द्यायची, चपलासुद्धा तिनेच पायात सरकवायच्या. डॉक्टरांनी फिजिओला पाठवलं तर दोन दिवस आले, तिसऱ्या दिवशी दुखलं म्हणून गायब, म्हणून मग माझ्याकडे, म्हणजे समुपदेशनाला. आल्या आल्या रागातच होते. "कंबर दुखतीया माझी, डोकं नाय फिरलेलं." बरोबरच होतं त्यांचं, कोणालाही असंच वाटेल की आपलं दुखणं खोटं समजतायत. मी म्हटलं दादा, दुखणं शंभर टक्के खरंय, फक्त ते कशानं टिकून राहिलंय ते बघू.

पहिल्या दिवशी मी त्यांना सल्ला असा काहीच दिला नाही, नुसती बघत होते. साडीच्या दुकानाच्या पिशवीत एमआरआयची फिल्म, ती मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. आणि खुर्चीतून उठताना माणूस श्वासच रोखून धरायचा, म्हणजे आधी खुर्चीचे दांडे घट्ट पकडणार, डोळे मिटणार, पोट दगडासारखं करणार आणि मग उठणार. मी विचारलं, दुखतंय का आत्ता? म्हणाले, "नाय, पण दुखंल ना." तिथेच बरंचसं कळलं मला. आठ महिने कंबरेचे स्नायू दिवसभर असे आवळलेले असतील तर ते दुखणार नाहीत तर काय होईल, तुम्ही मूठ दहा मिनिटं घट्ट आवळून बघा.

आता त्या गॅपबद्दल. लोक गॅप म्हणतात पण रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा डिस्क बल्ज (दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, थोडी बाहेर फुगलेली) नाहीतर डिस्कची झीज असं लिहिलेलं असतं. २०१५ साली एक मोठा आढावा आला होता, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांचे स्कॅन त्यात बघितले, तर चाळिशीतल्या निम्म्या लोकांना डिस्क बल्ज निघाला. विशीतल्यासुद्धा ३० टक्के लोकांना! म्हणजे पिकलेल्या केसांसारखंच आहे हे बऱ्याच अंशी. दादांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "मग मला कुणी सांगितलं का नाय ह्ये?" यावर मी काय बोलणार.

तरी नुसत्या आकड्यांनी भीती जात नाही. म्हणून आमच्या फिजिओ सरांना म्हटलं, तपासणी परत एकदा माझ्यासमोर आणि त्यांना प्रत्येक गोष्ट सांगत करा. त्यांनी हातोडीने गुडघ्याचा, घोट्याचा झटका बघितला, सरळ पाय उचलून बघितला, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, अंगठ्याची ताकद बघितली आणि म्हणाले, "दादा, नसेचं काम चालू आहे, पाय जाणार असता तर इथे दिसलं असतं." (लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेना झालं किंवा दुखण्यासोबत ताप आहे, वजन उतरतंय, तर मात्र फिजिओ-बिजिओ काही नाही, थेट डॉक्टर, आणि ताबा-बधिरपणा असेल तर त्याच दिवशी.)

अजून एक गैरसमज म्हणजे फिजिओ म्हणजे शेक, लाइट, मशीन लावून पडून राहायचं. दादाही तेच धरून आले होते, मशीन लावलं नाही म्हणून पहिल्या वेळी थोडे नाराजच. मशीनने तेवढ्यापुरता आराम पडतो, नाही म्हणत नाही, पण कॅन मशीन उचलत नाही ना, कंबरच उचलते. खरं काम आहे ते हळूहळू भार वाढवत न्यायचं. त्यांचा पहिला व्यायाम काय होता माहितीये? श्वास सोडत सोडत खुर्चीतून उठायचं, दहा वेळा, बस. मग भिंतीला टेकून अर्धं बसणं, मग मांडीवर हात ठेवून वाकणं, मग रिकामा कॅन, मग त्यात पाच लिटर पाणी.

आणि दुखलं तर काय, याचा नियम सरांनी वहीतच लिहून दिला. दहापैकी चार-पाचपर्यंत दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं तर सोडून नाही द्यायचं, एक पायरी खाली उतरायचं. आठ महिने न वापरलेली कंबर वापरायला काढली की ती कुरकुरणारच, पहिल्यांदा गडावर जाऊन आल्यावर मांड्या नाही का भरून येत, त्याला कोणी मांडी फाटली म्हणत नाही.

वहिनींशी वेगळं बोलावं लागलं. दादा वाकायला गेले की त्या "अहो, नगा, नगा!" करून धावायच्या, आणि त्या ओरडण्यानेच दादांची कंबर आखडायची, मी डोळ्यांनी बघितलंय. प्रेमच होतं ते पण. त्यांना म्हटलं दोन आठवडे फक्त चपला तेवढ्या त्यांच्या त्यांना घालू द्या. बाई ओठ दाबून उभी राहिली दारात, पण बोलली नाही.

पाचव्या आठवड्यात घोटाळा झाला. बेंदराच्या दिवशी मदतीचा पोरगा आला नाही म्हणून दादांनी भरलेला कॅन उचलला, कंबर धरली, परत पट्टा, परत अंथरूण. यात माझी चूक होती, दुखणं मध्ये असं उसळू शकतं हे मी आधी नीट सांगितलंच नव्हतं, बरं चाललंय या आनंदात राहूनच गेलं. पूर्वी अशा वेळी आठवडाआठवडा झोपवून ठेवायचे, पण १९८६ मध्येच एका अभ्यासात दिसलं होतं की सात दिवस झोपून राहिलेल्यांपेक्षा दोन दिवस विश्रांती घेतलेले लवकर कामाला लागले. दादा तिसऱ्या दिवशी उठले, रिकाम्या कॅनपासून परत सुरू. पण या वेळी पंधरा दिवसांत मागच्या पायरीवर आले.

एक सांगायचं राहिलं, फिजिओथेरपीची इंटर्नशिपसकट रीतसर डिग्री असते आणि महाराष्ट्रात त्यांची कौन्सिल आहे, तेव्हा कोणी कटकन मणका बसवून देतो म्हणालं तर रजिस्ट्रेशन विचारा, लाजू नका.

दादा आज पूर्ण बरे वगैरे नाहीत. थंडीत सकाळी कंबर धरते, ४० चा कॅन दोघं मिळून उचलतात, एकट्याने २० लिटरचा. म्हशी स्वतः पिळतात. गेल्या महिन्यात फोन आला, मला वाटलं परत दुखावली की काय. तर म्हणाले, "मॅडम, आईचा गुडघा धरलाय, घेऊन येऊ का? पण आधीच सांगतो, लई हट्टी हाय, हलायलाच तयार नाय."