वडिलांच्या घोट्याजवळची जखम दोन वर्षं भरत नाही. रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असेल का?

बाबांना शुगर नाही, आजोबांच्या पायात रक्ताची गाठ झाली होती आणि जखम आतल्या घोट्याच्या जरा वर आहे, असं तुम्ही लिहिलंय. अगदी माझीच गोष्ट. मी डॉक्टर नाही, आचारी आहे.

२९व्या वर्षी गाडीवरून पडलो, डावा पाय दीड महिना प्लास्टरमध्ये होता. पोटरीत गाठ झाली, गोळ्यांनी सूज उतरली. आठेक वर्षांनी घोट्याभोवतीची कातडी तपकिरी आणि कडक होत गेली. एकदा पातेल्याची कड लागली, ती जखम तीन वर्षं वाहत होती. हळद, मलमं, अँटिबायोटिक, सगळं झालं.

शेवटी एका सर्जनने उभं करून डॉपलर (शिरांतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) केलं. गाठ विरली होती, पण शिरेतल्या झडपा कामातून गेल्या होत्या. मग वर चढलेलं रक्त परत खाली येतं, दाब घोट्याशी साठतो आणि तिथली कातडी भरून येत नाही. थरांची दाबपट्टी सुरू झाली, घोट्याशी सगळ्यात घट्ट, आणि साडेचार महिन्यांत जखम मिटली. मात्र त्याआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात. धमन्याच अरुंद असतील तर घट्ट पट्टीने पाय गमवायची पाळी येते, म्हणून घरच्या घरी क्रेप बँडेज आवळू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. माझ्यात प्रोटीन एस कमी निघालं. (प्रोटीन सी आणि एस ही रक्ताला नको तिथे गोठू न देणारी प्रथिनं.) पहिल्या रिपोर्टचे पैसे मात्र पाण्यात गेले, कारण तेव्हा वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती आणि तिच्यामुळेच प्रोटीन सी आणि एस कमी दिसतात. डॉक्टरांनी त्या गोळीऐवजी काही आठवडे हेपारिनच्या (तेही रक्त पातळ ठेवणारं औषध) इंजेक्शनवर ठेवून तपासणी परत केली. (गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.) नेटवर फॅक्टर फाइव्ह लायडन हे नाव जास्त दिसेल. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९९४ साली दाखवलेला तो जनुकदोष युरोपीय लोकांत जास्त, आपल्याकडे कमी.

दोष सापडला तरी बाबांची पट्टी चुकत नाही. त्याचा उपयोग तुम्हा भावंडांना, कारण तो मुलात उतरायची शक्यता निम्मी असते. माझ्या बहिणीचाही रिपोर्ट कमी आला, म्हणून तिच्या गर्भनिरोधक गोळ्या बंद झाल्या आणि बाळंतपणात इंजेक्शनं दिली.

दाबाचे मोजे मी सकाळी पलंगावरून उतरायच्या आधीच चढवतो. एका उन्हाळ्यात उकाड्यामुळे टाळले, तर गणपतीपर्यंत तीच जागा परत फुटली होती.