संत्री, केळी आणि ‘फक्त काही’

प्रश्न: मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, नंदनवनला राहते. बँकेच्या क्लार्क परीक्षेची तयारी करतेय. सिलॉजिझमचे, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष निघतो का हे ओळखायचे नियम पाठ आहेत, पण मॉकमध्ये (सराव परीक्षेत) पाचपैकी दोन-तीन प्रश्न चुकतातच. ‘फक्त काही’ आणि ‘शक्यता’ आलं की सगळा गोंधळ. सीताबर्डीवर रिझनिंगची वेगळी बॅच आहे, लावू का? मॉकचा पेपर सोबत पाठवतेय.
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर: बॅचचं नंतर बघू. आधी हे सोडव. सर्व पोहे तर्री आहेत. काही तर्री चिवडा आहेत. मग काही पोहे चिवडा आहेत का? तुझ्या पेपरात याच घाटाचे दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींना तू ‘हो’ म्हटलंयस.

आता फक्त शब्द बदलते. सर्व संत्री फळं आहेत. काही फळं केळी आहेत. म्हणून काही संत्री केळी आहेत? नागपुरात हे मोठ्यानं विचारू नकोस! पण सांगाडा तोच आहे. प्रत्येक गटासाठी एक वर्तुळ काढ. पोह्यांचं वर्तुळ तर्रीच्या पोटात, आणि चिवडा तर्रीच्या उरलेल्या भागालाच टेकलेला, अशी आकृती काढता येते. तू मात्र तिन्ही वर्तुळं एकमेकांत अडकवलीस आणि त्याच चित्रावर विश्वास ठेवलास. विधानांना धरून जी जी चित्रं काढता येतील, त्या प्रत्येकात निष्कर्ष टिकला पाहिजे. म्हणून पेन्सिल हातात घेतलीस की निष्कर्ष खोटा पाडायला बघ. एक जरी चित्र तसं निघालं, तर तो गेला. ‘शक्यता आहे’ असं म्हटलं असेल तर उलट: तो खरा ठरवणारं एकच चित्र पुरतं. वरच्या उदाहरणात ‘काही पोहे चिवडा असण्याची शक्यता आहे’ हे बरोबर.

तुझी खरी अडचण ‘काही’ या शब्दाची आहे, असं मला वाटतं. घरी आपण ‘काही करंज्या संपल्या’ म्हणतो तेव्हा ऐकणारा डब्यात काही उरल्यात असंच धरतो. परीक्षेत तसं धरायचं नाही. तिथे ‘काही’ म्हणजे निदान एक; सगळ्याही असतील. त्यामुळे ‘काही फळं आंबट आहेत’ यावरून ‘काही फळं आंबट नाहीत’ हे निघत नाही. ‘फक्त काही’ मात्र आपल्या बोलीतल्या ‘काही’सारखं: काही आहेत आणि काही नाहीत, दोन्ही पक्कं. फक्त काही फळं आंबट असतील, तर ‘सर्व फळं आंबट असण्याची शक्यता’ सरळ खोडायची. पण ‘सर्व आंबट वस्तू फळं असण्याची शक्यता’? ती राहते. बंधन फळांवर आहे, आंबट वस्तूंवर नाही. तुझा तिसरा प्रश्न इथेच गेला, आणि इथे भल्याभल्यांचा जातो.

उत्तरांतला ‘पहिला किंवा दुसरा निष्कर्ष’ हा पर्यायही बघून घे. ‘काही पोहे चिवडा आहेत’ आणि ‘एकही पोहा चिवडा नाही’ यांतला एकटा कुठलाच सिद्ध होत नाही, पण दोन्ही एकदम खोटे पडू शकत नाहीत. अशी जोडी दिसली, तर तो पर्याय. जोडीतला एक आधीच सिद्ध होत असेल, तर मात्र नाही.

संत्र्या-केळ्यांची युक्ती सांगाडा ओळखायला वापर, उत्तर द्यायला नाही. विधानं व्यवहाराशी जुळत नसली तरी खरी मानायची, हे सूचनेतच छापलेलं असतं. ‘सर्व संत्री खुर्च्या आहेत’ म्हटलं, तर आहेत.

पूर्वपरीक्षेत रिझनिंगचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद, आणि चुकीला पाव गुण कापला जातो. बैठकव्यवस्थेची लांबलचक कोडी सुरू करण्याआधी सिलॉजिझम उरकून घे.

बॅच आत्ता नको. पाच प्रश्नांसाठी वेगळी फी भरण्यापेक्षा चुकलेले जुने प्रश्न काढ आणि प्रत्येकापुढे निष्कर्ष खोटा पाडणारं चित्र काढून ठेव. असे तीसेक झाल्यावर पुन्हा मॉक दे. तेव्हाही दोन-तीन चुकलेच, तर तो पेपर पाठव, मग बॅचचं बोलू.