क्रूझवर डायव्हिंग शिकवायचंय? आधी मालवण गाठ

भावा, पंचगंगेत पोहून तयार झालेला गडी आहेस, म्हणजे पाण्याची भीती नाही. अर्धं काम झालं. पण जहाजाचं स्वप्न जरा बाजूला ठेव आणि गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला जा. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं चौकशी कर.

बरीच पोरं सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांचं डायव्हिंग करतात आणि शिकलो म्हणतात. तिथं गाइड तुला धरून नेतो; तो कोर्स नव्हे. ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या कोर्सपासून सुरुवात कर, मग अ‍ॅडव्हान्स्ड, रेस्क्यू, डाइव्हमास्टर, शेवटी इन्स्ट्रक्टर. पॅडी (PADI) ही डायव्हिंगची प्रमाणपत्रं देणारी आंतरराष्ट्रीय संस्था; तिच्या इन्स्ट्रक्टर परीक्षेला लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, किमान 100 डाइव्ह लागतात. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं, त्यामुळं घाई करू नकोस.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. चांगल्या पोहणाऱ्यालाच ही खोड असते. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि जिवावर बेततं.
- कान दुखायच्या आधी मोकळे कर. नाक चिमटीत धर, हळू फुंक. मोकळे होत नसतील तर थोडं वर ये, जोर लावू नकोस.
- इंग्रजी बोलायची सवय आत्तापासून कर. क्रूझवरचे पाहुणे बहुतेक नवखे असतात, घाबरलेल्याला शांतपणे समजावणं हीच तिथली खरी नोकरी.

जहाजावर नोकरी लावतो म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नकोस. त्याच्याशी बोलण्याआधी त्याचा आरपीएसएल परवाना (जहाजांसाठी माणसं भरायचा सरकारी परवाना) डीजी शिपिंग या केंद्राच्या जहाज खात्याच्या यादीत बघ. सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), एसटीसीडब्ल्यू (जहाजावरच्या सुरक्षेचं प्रशिक्षण) वगैरेचं तू डाइव्हमास्टर झालास की बोलू.